पंधरा आण्यांची साखळी

हेरंब पोतनीस हा माणूस मला कधीच आवडला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्याच्याबद्दल चार बरे शब्द लिहिले तर ते शेजारधर्म म्हणून लिहिलेत असं कुणाला वाटायला नको. बडोद्यात गोत्रीला आमच्या सोसायटीत समोरच्याच घरात राहायचा. पस्तीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलं आणि पस्तीस वर्षं पोरांना बदडलं. डस्टर फेकण्यात नेम एवढा पक्का की शेवटच्या बाकावर पेंगणाऱ्याच्या बरोब्बर कपाळावर बसायचं. बडोद्यात आज चाळिशीतले कितीतरी डॉक्टर आणि बिल्डर भुवईवर त्याची खूण घेऊन फिरतात, आणि वर अभिमानानं दाखवतात.

आमची नीरा अकरावीत त्याच्याकडे ट्यूशनला जायची. एकदा बोटांची पेरं निळी करून आली. मी तेव्हा बाजव्याला कारखान्यात शिफ्टची नोकरी करत होतो, रात्रपाळी संपवून नुकताच घरी आलो होतो. तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच समोर गेलो.

"उत्तर बरोबर होतं ना तिचं?" मी विचारलं.

"चौदा लिहिलंय. चौदा काय? बटाटे?" पोतनीस म्हणाला. हातात अजून लाकडी पट्टी होती. "युनिट कोण लिहिणार, तिचा बाप?"

मी म्हटलं, बाप मीच, आणि त्याची कॉलर धरली. सरोजिनीवहिनी, म्हणजे त्याची बायको, मध्ये पडल्या नसत्या तर त्या दिवशी त्याचे दात मोजावे लागले असते. त्यानंतर सहा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. नीरा मात्र जातच राहिली. "बाबा, मारतात, पण कळतं त्यांचं," म्हणायची. पट्टीचा मार चुकवण्यासाठी तिनं एक युक्ती काढली होती. आधी युनिट लिहायची, मग त्याच्या डावीकडे आकडा भरायची.

दोन हजार सोळाच्या फेब्रुवारीत, रविवारी सकाळी सहा चाळीसला, नीरा स्कूटर घेऊन बॅडमिंटनला निघाली. बावीस वर्षांची होती. मी दाढीला बसलो होतो. बाहेर मोठ्या रस्त्यावर आवाज झाला. आधी इंजिनची किंकाळी आणि मग लोखंड फाटल्याचा आवाज. कारखान्यात मी बॉयलर फुटलेला ऐकलाय, तरी हा आवाज वेगळा होता. अर्ध्या चेहऱ्याला साबण असताना पळालो.

स्कूटरचे दोन तुकडे झाले होते. पुढचं चाक दुभाजकावर होतं आणि बाकीची स्कूटर लाल स्पोर्ट्स कारच्या तोंडात अडकलेली होती. त्या गाडीत बसायला जागा दोन आणि आवाज दहा ट्रकांचा. गाडी दुभाजकावर चढून झुडपात घुसली होती आणि तिच्यातून उतरलेला तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा वाकून आपल्या गाडीचा बंपर बघत होता. त्याचं नाव मी लिहिणार नाही. कागदावरसुद्धा त्याला जागा द्यायची माझी इच्छा नाही.

दूधवाले, फिरायला आलेले लोक, समोरच्या बांधकामावरचे मजूर, सगळे त्याच्यावर तुटून पडले. "मारो साला ने!" कुणी लाथा घालत होतं, कुणी विटेनं काच फोडत होतं. कुणाचं तरी हेल्मेट माझ्या हातात आलं. मी ते त्याच्या तोंडावर मारलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. त्याच्या जबड्याचं हाड मोडल्याचं मला हातात जाणवलं आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? मी त्याला जिवे मारणार होतो.

मागून कुणीतरी माझा शर्ट धरून ओढलं. पोतनीस होता, पायात फिरायला जायचे पांढरे बूट.

"सदानंदराव, सोडा त्याला," सहा वर्षांनी तो माझ्याशी बोलत होता. "नीरापाशी जा. तिच्याजवळ कुणी नाहीये."

खरंच कुणी नव्हतं. सगळी गर्दी मारायला जमली होती. चाळीस फुटांवर माझी पोर एकटी पडली होती. मी पोहोचलो तेव्हा ती गेलेली होती. ती आधीच गेली होती की मी हेल्मेट चालवत होतो तेवढ्या वेळात गेली, हे मला आजही माहीत नाही.

केस उभी राहिली. पोरानं जबाब दिला की वेग चाळीस-पन्नास होता, मुलगी एकदम मध्ये आली आणि ती दिसताक्षणी त्यानं ब्रेक मारला. सरकारी कागदांत वेगाबद्दल गुळमुळीत चार ओळी होत्या, ब्रेकबद्दल एक शब्द नव्हता. रस्त्यावर टायरच्या खुणा नव्हत्या, तर त्याचे लोक म्हणाले की आजकालच्या गाड्यांच्या ब्रेकनं खुणा पडत नाहीत. माझी बायको मृदुला सुरुवातीला जेवायचीसुद्धा नाही. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायची. "त्यानं ब्रेक मारला की नाही, एवढं मला कुणीतरी सांगा. फाशी द्या की सोडा, पण एवढं सांगा."

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पोतनीस आमच्या दारात आला. खांद्यावर लोखंडी साखळी. ही साखळी सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होती. त्याचे आजोबा वामनराव संस्थानच्या जमीन मोजणी खात्यात होते, आणि अर्ध्या डभोई तालुक्याची शेतं त्यांनी या साखळीनं मोजली असं पोतनीस दर दिवाळीला ऐकवायचा. तेहतीस फूट लांब. सोळा लांब दुवे, एकेक दोन फुटांहून जरा मोठा. दुव्याला आणा म्हणायचे, म्हणजे सोळा आण्यांची एक साखळी.

"चला," तो म्हणाला. "ब्रेकचं बघू."

रस्त्याकडेला टाइल्सचं दुकान आहे, त्याच्या कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. दुकानदार पोतनीसचा जुना विद्यार्थी. त्यानं भुवईवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "साहेब, तमारो मार खाधो छे, ना केम पाडुं?" नाही म्हणालाच नाही, चित्रण देऊन टाकलं. मी ते बघितलं नाही. तेव्हा नाही, आणि आजपर्यंत नाही.

पोतनीसनं आधी कॅमेऱ्याचीच परीक्षा घेतली. दोन मीटर उंचीवरून क्रिकेटचा बॉल सोडायला लावला आणि तो जमिनीवर येईपर्यंत कॅमेऱ्यात किती चित्रं, म्हणजे फ्रेम्स, येतात ते मोजलं. सोळा आली. "म्हणजे सेकंदाला पंचवीस. कॅमेरा प्रामाणिक आहे," म्हणाला, जणू वर्गातल्या एखाद्या पोराबद्दल बोलतोय.

मग रस्ता. कॅमेऱ्याच्या टप्प्यात दुभाजकावर तीन कडुनिंब येतात. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत त्यानं साखळी टाकली, बरोबर दोन साखळ्या. दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत, पुन्हा बरोबर दोन. धडक तिसऱ्या झाडापाशीच झाली होती. दुकानात चांगला तीस मीटरचा टेप पडलेला होता. दुकानदारानं तो पुढे केला तर पोतनीस त्याच्यावरच खेकसला. "प्लॅस्टिक उन्हात ताणतं. लोखंड खोटं बोलत नाही." मी दुसरं टोक धरून उभा होतो. ज्या रस्त्यावर माझी पोर पडली होती तिथंच वाकून मी साखळी धरली होती, आणि हा माणूस मला ओरडत होता, "सैल सोडू नका! सरळ धरा! आयुष्यात काही सरळ धरलंय का कधी?"

संध्याकाळी त्यानं आमच्या जेवणाच्या टेबलावर वही उघडली. पहिलं अंतर गाडीनं बावीस चित्रांत कापलं, ताशी ब्याऐंशी किलोमीटर. तेवढंच दुसरं अंतर एकोणीस चित्रांत, ताशी पंच्याण्णव.

"वाढला?" मृदुलानं विचारलं.

"वाढला. दर सेकंदाला ताशी सोळा किलोमीटरनं वाढत होता. साधी गाडी असं उचलत नाही, ही उचलते. म्हणूनच तिला एवढे पैसे मोजतात." पोतनीसनं पेन्सिल ठेवली. "मृदुलाताई, त्यानं ब्रेक मारला नाही. त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर होता, धडकेपर्यंत."

मृदुला उठून आत गेली आणि थोड्या वेळानं स्वतःचं ताट वाढून घेऊन आली. चौदा दिवसांत पहिल्यांदा नीट जेवली. मी पोतनीसचे पाय धरायचा बाकी होतो.

साक्षीची तारीख लागायला दीड वर्ष गेलं. तारीख तीन आठवड्यांवर आली तेव्हा पोतनीस सगळं पुन्हा मोजायला सकाळी अकराला एकटाच रस्त्यावर गेला. एक गाडी थांबली, दोघं उतरले. "मास्तर, घरे बेसो ने शांतिथी," म्हणाले. पोतनीसनं त्यांना वर्गातल्या आवाजात सांगितलं की बाजूला व्हा, मोजणी चुकेल. त्यांनी त्याच्या हातातली साखळी हिसकावली आणि तिनंच त्याला फोडून काढलं. घड्या घालून, चाबकासारखी. टाइल्सच्या दुकानातून लोक धावेपर्यंत त्याचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला होता, कान अर्धा फाटला होता आणि पाठीवर दुव्यांचे वळ उठले होते, इतके स्वच्छ की मोजता आले असते. बासष्ट वर्षांचा माणूस रस्त्यावर पालथा पडून ओरडत होता, "दुवे वाकवू नका रे हरामखोरांनो!"

दवाखान्यात मला बघून पहिला प्रश्न, "साखळी आणलीत का?" मी म्हटलं, इतकी वर्षं पोरांना हाणलंत, आज व्याजासकट मिळालं. तो हसायला गेला आणि टाक्यांमुळे कळवळला. त्या दिवशी मला तो पहिल्यांदा माझ्या घरचा वाटला.

साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्याच्याकडे गेलो. प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवून तो झोपाळ्यावर बसला होता. गुजरातेतल्या घरात असतो तसा बैठकीतला मोठा झोपाळा, चार पितळी साखळ्यांचा. वाकलेले दुवे सरळ करायला मी पक्कड घेऊन बसलो. तो डाव्या हातानं एकेक दुवा सरकवत मोजत होता. इतक्या वर्षांत दुवे मोजून बघायची वेळच आली नव्हती.

"पंधरा," तो म्हणाला. पुन्हा मोजले. पंधरा.

मला वाटलं मारामारीत एक तुटून पडला असेल. पण कुठंच तुटल्याची खूण नव्हती. दोन्ही टोकांच्या मुठी जागच्या जागी, सगळ्या कड्या बंद.  हळूहळू पोतनीसची मान वर गेली. झोपाळ्याच्या तीन साखळ्या आढ्यापर्यंत पितळेच्या होत्या. चौथीच्या वरच्या टोकाला, आढ्याच्या कडीखाली, दोन फुटांचा काळा लोखंडी दुवा होता.

"पितळ तुटलं होतं," तो म्हणाला. "मी सात-आठ वर्षांचा होतो. बाबांनी लोहाराला बोलावलं होतं. चोपन्न वर्षं मी याच्याखाली बसतोय."

 साखळी एका आण्यानं आखूड होती. म्हणजे अंतरं आखूड, म्हणजे वेगाचे सगळे आकडे फुगलेले.

"बरं झालं, आज कळलं," मी म्हटलं. "कुणाला सांगायचं नाही. कोण मोजायला येणारे?"

"मी सांगणार."

"सर, त्यांचा वकील तुम्हाला फाडून खाईल. मोजणीच खोटी म्हटल्यावर ब्रेकचं कोण ऐकणार?"

"चुकलंय ते चुकलंय. उद्या पहिलं वाक्य हेच सांगणार."

मी त्याला हात जोडले. नीराची शपथ घातली. तो मान हलवत राहिला. मग माझ्या अंगात काय आलं मला ठाऊक नाही. मी त्याच्या तोंडात मारली. मोडक्या हाताच्या, टाके घातलेल्या म्हाताऱ्याच्या, पाच बोटं उमटतील अशी. तो झोपाळ्यावरून खाली पडला, प्लॅस्टरवरच. मागं गेलेली फळी परत आली आणि त्याच्या डोक्यावर बसली. कान पुन्हा फुटला. मी तरी थांबलो नाही. वाकून त्याची मान धरली आणि म्हणालो, "माझी पोर गेलीय! तुझा आजा आणि त्याची साखळी गेली मसणात!" सरोजिनीवहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि त्यांनी झाऱ्यानं माझ्या मनगटावर मारलं, तेव्हा माझे हात सुटले.

पोतनीस जमिनीवरूनच माझ्याकडे बघत होता. ओठातून रक्त येत होतं. "सदानंदराव," तो म्हणाला, "उद्या कोर्टात या मात्र."

मी गेलो. तोंड लपवून मागच्या बाकावर बसलो. सुजलेला गाल, पट्टी बांधलेला कान, गळ्यात हात, अशा अवतारात पोतनीस पिंजऱ्यात उभा राहिला आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाला की माझ्या आकड्यांत चूक आहे, माझी साखळी सोळाऐवजी पंधरा आण्यांची निघाली. सरकारी वकिलांनी डोळे मिटून घेतले. त्या पोराचा वकील मात्र खुशीत उठला.

"तो पछी साहेब, तमारो आखो हिसाब ज खोटो ने?"

"वेग एक षोडशांशानं कमी करा," पोतनीसनं गुजरातीतच, वर्गात सांगायचा त्या सुरात सांगितलं. "ब्याऐंशीचे सत्त्याहत्तर झाले, पंच्याण्णवचे एकोणनव्वद. पण ब्रेक कसा बदलेल? दोन्ही अंतरांना साखळी तीच लावली होती. आखूड असेल तर दोन्हीकडे सारखीच आखूड. अंतरं सारखी, आणि दुसरं अंतर तीन चित्रं आधी संपलं. ब्रेक मारला असता तर जास्त लागली असती. साखळी सोडा. त्या मुलीच्या ओढणीनं मोजलं असतं, तरी त्यानं ब्रेक मारलेला नाही."

 न्यायाधीशांनी त्याला तेच वाक्य परत सांगायला लावलं आणि लिहून घेतलं. वकिलानं अजून अर्धा तास प्रश्न विचारले, पण चूक स्वतःहून सांगणाऱ्या माणसाला खोटं पाडायचं कसं, हे त्याला जमेना. मग चित्रण लावायला पडदा लावला, तेव्हा मी उठून बाहेर गेलो.

साक्ष संपवून पोतनीस कॉरिडॉरमध्ये आला. माफी मागायला मला तोंड नव्हतं. दीड वर्षं गिळून ठेवलेला प्रश्न मात्र तोंडातून निघून गेला.

"सर, तुम्ही ते इतक्यांदा बघितलंय. तिला कळलं का हो? गाडी येतेय, हे दिसलं का तिला?"

पोतनीस भिंतीकडे बघत होता. "नाही," तो म्हणाला. "तिची पाठ होती. तिला काही कळलं नाही."

मी तिथंच बाकावर बसून रडलो. मोकळा होऊन रडलो. डाव्या हातानं त्यानं माझ्या पाठीवर थोपटलं. आदल्याच दिवशी मी त्याला मारलं होतं, आणि तो मला थोपटत होता. एका दुव्यासाठी जो माणूस मोडक्या हातानं मार खातो, त्याचा शब्द म्हणजे शब्द. त्या एका 'नाही'वर मी पुढची चार वर्षं झोपलो.

निकाल लागला. शिक्षा व्हायला हवी होती त्याहून कमी झाली, पण निकालात ती ओळ होती, की ब्रेक लावला नव्हता, उलट वेग वाढवला होता. मृदुलानं त्या पानाची झेरॉक्स देवघरात ठेवलीय. पुढच्याच वर्षी पोतनीस हार्ट अटॅकनं गेला. त्याला खांदा द्यायला बडोद्यातले भुवई फुटलेले कितीतरी लोक आले होते, मी सगळ्यांत पुढे होतो.

महिन्याभरानं सरोजिनीवहिनींनी मला त्याची ती वही दिली. "तुमच्या केसची आहे, तुमच्याकडेच असू दे," म्हणाल्या. घरी येऊन मी पानं उलटली. बावीस, एकोणीस, ब्याऐंशी, पंच्याण्णव, खोडून सत्त्याहत्तर, एकोणनव्वद. प्रत्येक आकड्यापुढे युनिट, ठसठशीत. मग शेवटच्या पानावर, आमच्या टेबलावर त्यानं कधीच न उघडलेल्या पानावर, पहिल्याच दिवसाची तारीख होती. त्याखाली लिहिलं होतं:

एकूण चित्रं ४१. चित्र क्र. १२, नीरानं मान वळवली. गाडीकडे बघितलं. ४१ − १२ = २९. २९ ÷ २५ = १.१६

त्यापुढे कोरं होतं. ज्यानं माझ्या पोरीची बोटं त्यासाठी निळी केली होती, त्यानं इथं युनिट लिहिलं नव्हतं. पेन्सिल टेकवल्याचा एक ठिपका होता, तिथंच हात थांबला होता.

  मी खिशातून पेन काढलं आणि त्या आकड्यापुढे लिहिलं, सेकंद.